टर्मिनलची रेकॉर्डिंगं कॉलेजच्याच सर्व्हरवर: खानापूरच्या मॅडमना उत्तर

मॅडम, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खानापूरजवळच्या डिप्लोमा कॉलेजात तुम्ही लिनक्सचं प्रॅक्टिकल घेता. लॅबमध्ये ४० मशिनं आहेत. मुलांनी टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, काय केलं ते ती मोबाइलनं स्क्रीनचा व्हिडिओ काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. ते धड वाचता येत नाही, पावसाळ्यात नेट जातं, आणि मुलांचं काम बाहेरच्या साइटवर टाकायला प्राचार्य तयार नाहीत. तर टर्मिनलची रेकॉर्डिंगं ठेवायला आणि बघायला कॉलेजचाच सर्व्हर उभा करता येईल का, मशिन कसलं लागेल, आणि सांभाळायला किती त्रास?

येईल की. बसवायला एक दुपार पुरते आणि लॅबमधलंच एखादं जुनं मशिन चालतं. मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या दोन-तीन फौंड्रींचे सर्व्हर सांभाळतो आणि शनिवार-रविवार टिळकवाडीत मुलांना लिनक्स शिकवतो. असा सर्व्हर बरीच वर्षं चालवतोय आणि आतापर्यंत तीनदा मोडून पुन्हा बसवलाय. त्यातला एकदाही तो बसवण्याच्या चुकीनं मोडला नाही. म्हणून बसवण्यावर कमी आणि बाकीच्यावर जास्त लिहितो.

मी वापरतो ते अ‍ॅस्किनेमा. मार्चिन कुलिक या पोलिश प्रोग्रॅमरनं २०११ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प, पूर्ण मुक्त स्रोत. त्याचे तीन भाग आहेत: रेकॉर्ड करणारी कमांड, ब्राउझरमध्ये दाखवणारा प्लेअर, आणि सर्व्हर. कमांडची नि सेटिंगची नावं मी इथे बोलतो तशी देवनागरीत लिहितोय. टाइप करताना नेहमीचं इंग्रजी स्पेलिंग घ्या, अ‍ॅस्किनेमाच्या सेटिंगची नावं सगळी कॅपिटलमध्ये आणि शब्दांमध्ये अंडरस्कोर.

आता एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, म्हणजे पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात. हे रेकॉर्डिंग म्हणजे मजकूर असतो. अ‍ॅस्किनेमा तुमचा शेल (कमांड घेऊन चालवणारा प्रोग्रॅम) आणि स्क्रीन यांच्या मधे बसतो. शेलनं स्क्रीनला जी अक्षरं पाठवली ती, कुठल्या क्षणी पाठवली त्या वेळेसकट, फाइलीत लिहून ठेवतो. फाइल साध्या एडिटरमध्ये उघडून बघा. पहिल्या ओळीत आवृत्ती, रुंदी, उंची. पुढच्या प्रत्येक ओळीत तीन गोष्टी: वेळ, प्रकार आणि मजकूर. प्लेअर ती अक्षरं त्याच लयीत पुन्हा ओततो, म्हणून आपल्याला ते सिनेमासारखं दिसतं.

मजकूर असल्यामुळे फाइल हलकी असते. ८० बाय २४ च्या टर्मिनलमध्ये अक्षरांची घरं असतात १,९२० आणि बदललेलं तेवढंच लिहिलं जातं. दहा मिनिटांचं साधं प्रॅक्टिकल, म्हणजे फोल्डर बनव, परवानग्या बदल, छोटी स्क्रिप्ट चालव, हे काही शे केबीच्या आत बसतं. तुमच्या ४० मुलांचं अख्खं सत्र एका जुन्या पेनड्राइव्हवर मावेल. अपवाद एकच. मशिनवरचा भार दाखवणाऱ्या एचटॉपसारखं सतत हलणारं काही मुलानं चालू ठेवलं आणि चहाला गेला, किंवा भलीमोठी लॉग फाइल स्क्रीनवर ओतली, तर फाइल एमबीत जाते. मुलं हे करतातच. शिवाय थांबवलेल्या प्लेअरमधून कमांड निवडून कॉपी करता येते. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओतून ते कसं करणार?

मजकूर असल्याचा दुसरा अर्थ मला महागात पडला. एका गिऱ्हाइकाच्या डेटाबेसची दुरुस्ती करताना मी रेकॉर्डिंग केलं आणि तिथल्या मुलाला शिकायला म्हणून सर्व्हरवर चढवलं. तेच रेकॉर्डिंग क्लासमध्येही दाखवलं. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, तुमचा पासवर्ड दिसालाय की ओ."

माझी समजूत अशी होती की पासवर्ड रेकॉर्ड होत नाही. ती अर्धी खरी आहे. सुडो (व्यवस्थापकाच्या अधिकारानं कमांड चालवणारं) पासवर्ड विचारतं तेव्हा तुम्ही टाइप केलेली अक्षरं स्क्रीनवर उमटत नाहीत, आणि अ‍ॅस्किनेमा एरवी स्क्रीनवर गेलेलंच लिहितो, त्यामुळे तो पासवर्ड फाइलीत येत नाही. कळ न् कळ टिपण्याची सोय वेगळी आहे, ती आपण मागितली तरच चालू होते. तुम्ही कधीच मागू नका. पण मी मायएसक्यूएल या डेटाबेसला पासवर्ड कमांडच्या ओळीतच दिला होता. ओळ स्क्रीनवर उमटली, म्हणजे फाइलीत गेली.

खरी गंमत पुढे. घाबरून मी फाइलीत ग्रेपनं, म्हणजे मजकूर शोधणाऱ्या कमांडनं, तो पासवर्ड शोधला. सापडेना! प्लेअरमध्ये ठळक दिसतोय आणि फाइलीत नाही, हे कसं? कारण मी तो एकेक अक्षर टाइप केला होता आणि प्रत्येक अक्षर वेगळ्या क्षणी स्क्रीनवर गेलं होतं. फाइलीत प्रत्येक अक्षराची स्वतंत्र ओळ, मधे वेळेचे आकडे. सलग शब्द म्हणून तो कुठेच नव्हता. म्हणून "मी ग्रेप करून बघितलं, काही नाही सापडलं" असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. आधी रेकॉर्डिंगचा साधा मजकूर काढायचा आणि तो वाचायचा. तिसऱ्या आवृत्तीत 'अ‍ॅस्किनेमा कन्व्हर्ट' देऊन टेक्स्ट फाइल मागता येते, जुन्यात 'अ‍ॅस्किनेमा कॅट' आहे. त्या मजकुरावर ग्रेप चालवा. चढवण्याआधी, बरं का. आणि एकदा गुपित बाहेर गेलं की रेकॉर्डिंग खोडण्याच्या आधी पासवर्ड बदला. खोडणं नंतर.

पासवर्ड तरी डोळ्यांत खुपतो. न खुपणाऱ्या गोष्टी जास्त. फौंड्रीच्या डेटाबेसमधली माहिती मागवली की पार्टीचं नाव आणि कास्टिंगचा रेट स्क्रीनवर येतो. तुमच्याकडे मुलांचे नंबर, पालकांचे मोबाइल असलेली सीएसव्ही फाइल कुणीतरी सरावाला घेणार. हिस्ट्री कमांड मागचं सगळं ओकून टाकते. सरावाला खोटी नावं, खोटे नंबर असलेली एक फाइल तुम्हीच बनवून सगळ्यांना द्या. एवढं केलं तर निम्मी डोकेदुखी जाते.

आता सर्व्हर बसवण्याआधी एक विचारतो: तुम्हाला सर्व्हर खरंच लागतो का? तुम्ही स्वतः पंधरा-वीस रेकॉर्डिंगं करून मुलांना दाखवणार एवढाच बेत असेल तर नको. प्लेअर म्हणजे एक जावास्क्रिप्ट फाइल आणि एक सीएसएस फाइल. त्या आणि रेकॉर्डिंगच्या फाइली कॉलेजच्या कुठल्याही साध्या वेब सर्व्हरवर ठेवल्या की काम झालं. डेटाबेस नाही, खाती नाहीत, बॅकअप म्हणजे फोल्डर कॉपी करणं. पण ४० मुलांनी आपापलं काम चढवायचं, तुम्ही ते सवडीनं तपासायचं, प्रत्येकाचं वेगळं दिसायला हवं, असं असेल तर सर्व्हर हवा. तुमचं दुसऱ्या प्रकारचं आहे असं धरून पुढे जातो.

मशिन कुठलंही ६४ बिटचं. ४ जीबी रॅमच्या जुन्या डेस्कटॉपवर माझा सर्व्हर निवांत चालला. फक्त फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी घाला. सर्व्हर एलिक्झिर भाषेत लिहिलेला आहे आणि माहिती पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ठेवतो. दोन्ही डॉकरमध्ये, म्हणजे लागणारं सगळं आत असलेल्या तयार डब्यांत (कंटेनर), मिळतात, तेव्हा एलिक्झिर शिकायची गरज नाही. प्रकल्पाच्या कागदपत्रांत डॉकर कंपोजची, म्हणजे कुठले कंटेनर कसे चालवायचे ते सांगणारी, तयार फाइल आहे, तीच घ्या. एक कंटेनर अ‍ॅस्किनेमाचा, एक पोस्टग्रेसचा. डेटाबेसमधली टेबलं पहिल्यांदा सुरू होताना आपोआप तयार होतात. सर्व्हर ४००० या पोर्टवर (मशिनच्या दरवाजाचा क्रमांक म्हणा) बोलतो.

भरायच्या सेटिंग मोजक्या आहेत. 'सीक्रेट की बेस' म्हणजे किमान ६४ अक्षरांची लांबलचक अगम्य किल्ली, ती एकदा बनवून जपून ठेवायची. मग 'यूआरएल स्कीम', 'यूआरएल होस्ट', 'यूआरएल पोर्ट': लोक ब्राउझरमध्ये जो पत्ता टाकणार तोच इथे. यात चूक झाली की सर्व्हर चालतो, पण तो देत असलेली प्रत्येक लिंक चुकते. पहिल्या वेळी मी होस्टच्या जागी लोकलहोस्ट, म्हणजे 'हेच मशिन', तसंच ठेवलं होतं. माझ्या मशिनवर सगळं झकास. मुलांनी लॉगिनची लिंक दाबली तर ती त्यांच्याच मशिनकडे जायची, आणि तिथे कोण बसलंय उत्तर द्यायला? अर्धा तास मी स्विच आणि केबली तपासत बसलो.

पत्त्याबद्दल. आपल्याकडच्या बहुतेक केबलवाल्यांच्या इंटरनेटला स्वतःचा सार्वजनिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, मिळत नाही. अनेक गिऱ्हाइकं एकाच पत्त्यामागे बसवलेली असतात. त्यामुळे राउटरमध्ये पोर्ट उघडून बाहेरून सर्व्हर दिसेल या भरवशावर राहू नका. तुमच्या कामाला ते लागतही नाही. कॉलेजच्या आतल्या नेटवर्कवरच ठेवा, मशिनला पक्का आयपी द्या, राउटरच्या डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यादीत) एक नाव द्या. बाहेरचं नेट गेलं तरी लॅब चालू राहते. जांबोटीकडचा पाऊस सुरू झाल्यावर याची किंमत कळते, ते तुम्हाला मी काय सांगायचं. घरून तपासायचं असेल तर वायरगार्डची व्हीपीएन (बाहेरून आतल्या नेटवर्कला जोडणारा खासगी मार्ग), तीही महिन्याच्या भाड्याच्या छोट्या सर्व्हरमधून फिरवून. ते वेगळं प्रकरण आहे, पहिल्या महिन्यात हात घालू नका.

लॉगिनला पासवर्ड नाहीच. ईमेल टाकला की सर्व्हर एक लिंक पाठवतो, ती दाबली की आत. मेलसाठी एसएमटीपीची (मेल पाठवणाऱ्या सर्व्हरची) माहिती द्यावी लागते. जीमेल वापरणार असाल तर नेहमीचा पासवर्ड चालत नाही, वेगळा अ‍ॅप पासवर्ड काढावा लागतो. मेल लावलाच नाही तर लिंक सर्व्हरच्या लॉगमध्ये उमटते, 'डॉकर कंपोज लॉग्ज' दिलं की दिसते. एकट्यासाठी चालतं. ४० मुलांना लॉगमधून लिंका काढून वाटत बसलात तर तास संपेल.

आता येतं सगळ्यात जास्त लॅबी फसतात ते ठिकाण. मीही फसलो.

मुलाच्या मशिनवर 'अ‍ॅस्किनेमा ऑथ' दिलं की एक लिंक छापली जाते. ती लिंक, त्यानं आधीच लॉगिन केलेल्या ब्राउझरमध्ये उघडायची, की ते मशिन त्याच्या खात्याला जोडलं जातं. इथून पुढची अपलोडं त्याच्या नावावर. हे कसं होतं? अ‍ॅस्किनेमा पहिल्यांदा चालला की एक लांब ओळखक्रमांक बनवून वापरकर्त्याच्या होम फोल्डरमधल्या एका लपलेल्या फोल्डरात फाइलीत ठेवतो, तिचं नाव 'इन्स्टॉल आयडी'. सर्व्हर तो क्रमांक ओळखतो. माणूस नाही.

आणि लॅब आपण कशी बसवतो? एक मशिन नीट तयार करायचं, सगळं तपासून बघायचं, आणि त्याची डिस्क क्लोनझिला या नक्कल काढणाऱ्या प्रोग्रॅमनं बाकीच्यांवर छापायची. मी तसंच केलं. तपासताना अ‍ॅस्किनेमाही एकदा चालवून बघितला होता. झालं, इन्स्टॉल आयडी जन्माला आला आणि डिस्कबरोबर सगळ्या मशिनांवर गेला. दुसऱ्या दिवशी सुळग्याच्या एका पोरानं सगळ्यात आधी ऑथ केलं. बाकीच्यांना "हे आधीच दुसऱ्याचं आहे" अशा अर्थाचं काहीतरी दिसलं. त्यांनी ते पुढे ढकललं आणि अपलोड करत राहिले. संध्याकाळी बघतो तर अख्ख्या वर्गाचा गृहपाठ एकाच मुलाच्या नावावर! तो मात्र खूश होता.

तेव्हा डिस्क छापण्याआधी ती फाइल खोडा. आणि दुसरं, सगळ्या मशिनांवर 'स्टुडंट' नावाचं एकच सामाईक लॉगिन ठेवू नका. ठेवलंत तर सकाळच्या बॅचनं जोडलेला क्रमांक दुपारच्या बॅचला लागू होतो. प्रत्येक मुलाचं वेगळं लिनक्स खातं हवं. हजेरी क्रमांकावरून खाती बनवणारी दहा ओळींची स्क्रिप्ट मुलांकडूनच लिहून घ्या, तेही एक प्रॅक्टिकलच झालं.

कुणी काय बघायचं याचे तीन पर्याय आहेत: सार्वजनिक, लिंक असेल त्यालाच दिसणारं, आणि खासगी. मधला नेहमीचा धरा. फक्त हे लक्षात ठेवा की लिंक म्हणजे कुलूप नव्हे. ग्रुपवर टाकली की सगळ्यांची झाली. मुलांची खाती तयार झाली की 'साइन अप डिसेबल्ड' खरं करा, आणि 'अपलोड ऑथ रिक्वायर्ड' पहिल्या दिवसापासून खरं ठेवा. दुसरं नाही केलं तर कुणाच्याच नावावर नसलेली रेकॉर्डिंगं साचत जातात आणि ती कुणाची हे शोधणं म्हणजे खडे बाजारात हरवलेली चप्पल शोधणं.

४००२ या पोर्टवर व्यवस्थापकाचं पान असतं. त्याला लॉगिन नाही, पासवर्ड नाही. जो पोचला तो मालक. म्हणून कंपोज फाइलीत ते पोर्ट फक्त १२७.०.०.१ ला, म्हणजे त्याच मशिनच्या स्वतःच्या पत्त्याला, बांधा आणि बघायचं असेल तेव्हा एसएसएचच्या बोगद्यातून (दूरच्या मशिनला जोडणाऱ्या सुरक्षित मार्गानं) बघा. "यूएफडब्ल्यू फायरवॉल लावलाय, मग काय?" असं म्हणू नका. डॉकर स्वतःचे नियम यूएफडब्ल्यूला वळसा घालून लिहितो. फायरवॉल पोर्ट बंद दाखवत असतो आणि प्रत्यक्षात ते उघडं असतं. दुसऱ्या मशिनवरून प्रत्यक्ष उघडून बघणं हीच तपासणी.

पुढे कधी याच्या समोर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर बसवलात तर दोन ओळी विसरू नका. एनजिनएक्स एरवी १ एमबीपेक्षा मोठं अपलोड घेत नाही, ४१३ नंबरची चूक दाखवतो. तो एचटॉप चालू ठेवून चहाला गेलेला मुलगा नेमका इथे अडकतो. 'क्लायंट मॅक्स बॉडी साइझ' (हे नाव मात्र लहान अक्षरांत) वाढवा. आणि वेबसॉकेटसाठी (ब्राउझरशी सतत उघडं राहणारं कनेक्शन) अपग्रेडचे हेडर पुढे जाऊ द्या, नाहीतर थेट प्रक्षेपण चालणार नाही. त्याऐवजी कॅडी हा वेब सर्व्हर वापरलात तर या दोन्हींची कटकट नाही. मी आता कॅडीच वापरतो.

थेट प्रक्षेपण म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण मला हे सगळ्यात जास्त आवडतं. सप्टेंबर २०२५ मध्ये अ‍ॅस्किनेमाची कमांड तिसऱ्या आवृत्तीत रस्ट भाषेत नव्यानं आली. तिच्यात 'अ‍ॅस्किनेमा स्ट्रीम' आहे. तुमचं टर्मिनल त्याच क्षणी मुलांच्या ब्राउझरमध्ये दिसतं. प्रोजेक्टरचा दिवा गेलेला, खिडकीतून ऊन पडद्यावर, शेवटच्या बाकाला काहीच दिसत नाही, या सगळ्यावर हा उतारा. प्रत्येकाच्या समोर तुमची अक्षरं, त्याच्या चष्म्याला हवी तेवढी मोठी.

पण आवृत्त्यांची भानगड आहे. उबंटूच्या भांडारातून घेतलात तर बहुधा दुसरी आवृत्ती मिळेल. दोन्हींत सर्व्हरचा पत्ता सांगायची पद्धत वेगळी आहे: जुनीत 'अ‍ॅस्किनेमा एपीआय यूआरएल', नवीत 'अ‍ॅस्किनेमा सर्व्हर यूआरएल'. जुन्या आवृत्तीला नवीतलं नाव दिलंत तर ती तक्रार न करता प्रकल्पाच्या सार्वजनिक साइटकडे वळते. तुमच्या प्राचार्यांनी नको म्हटलेलं तेच नेमकं होईल, आणि कुणाला कळणारही नाही. शिवाय तिसरी आवृत्ती नव्या पद्धतीची फाइल लिहिते, ती जुना सर्व्हर स्वीकारत नाही. सगळ्या लॅबमध्ये एकच आवृत्ती ठेवा आणि पत्ता सगळ्यांसाठी एकाच ठिकाणी लावून टाका.

सर्व्हरच्या इमेजला (डॉकरच्या तयार डब्याला) तारखेवरून क्रमांक असतात. कंपोज फाइलीत 'लेटेस्ट' न लिहिता तो क्रमांक लिहा. आणि पोस्टग्रेसचा मोठा क्रमांक हौस म्हणून वाढवू नका. १४ च्या जागी १७ लिहून सुरू केलंत तर तो जुनी माहिती वाचायला नकार देऊन बंद पडतो. मी तीनदा मोडला म्हणालो ना, त्यातला एक प्रसंग हा. डंप (डेटाबेसमधली सगळी माहिती असलेली फाइल) काढून नव्यात भरणं हाच सरळ रस्ता.

दुसरा प्रसंग लाइटीचा. रात्री वीज गेली, पहाटे आली, सकाळी सर्व्हर बंद. कंपोजमध्ये 'रीस्टार्ट अनलेस स्टॉप्ड' लिहिलं होतं, पण मशिनच चालू झालं नव्हतं तर डॉकर काय करणार? बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप सुरू हो असं सांगायची सोय असते, ती लावा. छोटा यूपीएस हवाच. आणि स्विचलाही त्याच यूपीएसवर घ्या, लोक सर्व्हर घेतात आणि स्विच विसरतात.

तिसरा बॅकअपचा, आणि तो सांगताना अजून लाज वाटते. रेकॉर्डिंगच्या फाइली रोज रात्री दुसऱ्या डिस्कवर जायच्या. मी निर्धास्त. एसएसडी मेली, फाइली परत टाकल्या, आणि लक्षात आलं की कुठली फाइल कुणाची, शीर्षक काय, कुणाला दिसायची, हे सगळं पोस्टग्रेसमध्ये होतं. त्याचा डंप मी घेतलाच नव्हता. शेकडो फाइली, नावं नसलेल्या. म्हणून रोज दोन गोष्टी: 'पीजी डंप' आणि डेटाचा व्हॉल्यूम (डॉकर फाइली ठेवतो ती जागा). सोबत ती कंपोज फाइल आणि सीक्रेट की. आणि दिवाळीच्या सुट्टीत एकदा दुसऱ्या मशिनवर तो बॅकअप उघडून बघा.

भाषेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या वर्गात मराठी आणि कन्नड दोन्ही मुलं असणार. प्रत्येक रेकॉर्डिंगखाली वर्णन लिहिता येतं, त्यात देवनागरी आणि कन्नड दोन्ही व्यवस्थित दिसतात. मी वर मराठीत चार ओळी लिहितो, खाली एका विद्यार्थ्याकडून त्याच कन्नडमध्ये करून घेतो. कमांड तर दोघांना सारख्याच परक्या. टर्मिनलच्या आत मात्र देवनागरी टाळा. टर्मिनल म्हणजे सारख्या मापाच्या घरांचं जाळं, एका घरात एक अक्षर. आपली जोडाक्षरं आणि वेलांट्या त्या मापात बसत नाहीत, ओळ सरकते, कर्सर भलतीकडे जातो. इको करून नाव छापायची हौस मुलांना असते, एकदा करून बघू द्या.

रेकॉर्ड करताना 'आय' पर्यायानं रिकामा वेळ २ सेकंदांवर आणा. नाहीतर मुलगा दोन मिनिटं विचार करत बसलेला तुम्हालाही बघावा लागतो. आणि खिडकी ८० बाय २४ च्या जवळपास ठेवायला सांगा. मोठ्या मॉनिटरवर पूर्ण पसरून केलेलं रेकॉर्डिंग मोबाइलवर मुंगीएवढं दिसतं.

४० मुलांनी तास संपताना एकदम अपलोड केलं तर काय? काही होत नाही. मजकूरच तो.

शेवटचं, गुणांबद्दल. हे रेकॉर्डिंग पुरावा म्हणून धरणार असाल तर सांभाळून. मजकुराची फाइल कुणीही एडिटरमध्ये उघडून बदलू शकतो. मित्राची घ्यायची, प्रॉम्प्टमधलं नाव बदलायचं, आपली म्हणून चढवायची. पण नक्कल करणारे नावं बदलतात, वेळेचे आकडे बदलत नाहीत. दोन अक्षरांमधलं अंतर प्रत्येकाच्या बोटांचं वेगळं असतं. एकाच माणसानं तीच कमांड दोनदा टाइप केली तरी ते जुळत नाही. फाइलींमधला फक्त वेळेचा रकाना काढून एकमेकांशी ताडून बघा. माझ्याकडे गेल्या वर्षी दोघांचे आकडे पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत दशांशासकट जुळले. बोलावून विचारलं. एक गप्प. दुसरा म्हणाला, "सर, आम्ही शेजारी शेजारी बसतोय की."